फझ पेडलची वही: दोन ट्रान्झिस्टर, नानांचा रेडिओ आणि पुण्याचा उन्हाळा

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

ठरलं, आता करतोच. दोन वर्षं झाली "घरी फझ पेडल बनवायचंय" (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायाने दाबायचा डबा) असं म्हणतोय, आमचा ड्रमर आता हे वाक्य ऐकलं की नुसता हसतो. बाहेरचं चांगलं पेडल घ्यायचं तर जवळपास माझ्या गिटारचे पैसे जातात आणि माझ्या १० वॉटच्या ॲम्पवर डिस्टॉर्शनचं जे बटण आहे ते दाबलं की बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज येतो.

सर्किट घेतलंय फझ फेसचं. १९६६ ला लंडनच्या आर्बिटरने काढलेलं, माईक स्टँडच्या बुडासारखा गोल डबा, हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचा तोच. पण ते घ्यायचं कारण भक्ती वगैरे नाही, पार्ट कमी आहेत हे आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर, दोन पॉट (नॉब लावून फिरवायचे रेझिस्टर), संपलं. एवढ्यात पण फसलो तर मग माझ्यातच काहीतरी आहे.

काम काय करतं तर, गिटारमधून येतात मिलिव्होल्ट, जोरात हाणलं तर शे-दोनशे. पहिला ट्रान्झिस्टर ते फुगवतो, दुसरा अजून फुगवतो, आणि बॅटरी ९ व्होल्टचीच असल्यामुळे लाटेला वर-खाली जायला जागाच उरत नाही, डोकं छताला आपटून सपाट होतं. हे सपाट होणं म्हणजेच फझ. हायफायवाले जी गोष्ट टाळायला आयुष्य घालवतात ती आपण मुद्दाम करायची.

दुपारी तापकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन सामान आणलं. बीसी ५४७बी ट्रान्झिस्टर दहा नग, रेझिस्टर, १०के चा (के म्हणजे हजार ओहम) प्रीसेट म्हणजे स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट, १के आणि ४७०के चे पॉट (५००के मागितला तर काउंटरवरच्या काकांनी "तोच समज" म्हणत ४७०के हातात ठेवला, आणि बरोबरच आहे त्यांचं), मोनो जॅक, साधी झिंक-कार्बनची ९ व्होल्टची बॅटरी. गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढा खरेदीत नाही गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

ब्रेडबोर्डवर मांडलं. आवाज आला पण कसा, शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी वाजवतंय असा. तासभर वायरी उपसल्या आणि मग लक्षात आलं की पहिल्या जागी बीसी ५४७ नाहीये, जुन्या डबीतला २एन३९०४ उचलला गेलाय. दिसायला जुळे भाऊ, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर आणि ३९०४ चे बरोब्बर उलटे. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर मरत नाही हो, तोच तर त्रास आहे, तो थोडंसं काम करतो, गेन (किती पट फुगवतो ते) अगदी नावापुरता, आणि आपण बाकी सगळीकडे चूक शोधत बसतो.

सरळ केल्यावर भिंत हलली. आई आतून "काय पडलं?"

मग मीटर लावला. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साधारण निम्मी बॅटरी म्हणजे ४.५ व्होल्ट पाहिजेत म्हणजे लाटेला दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळते. माझ्याकडे ३.१. डायग्रॅमप्रमाणे ८.२के च लावलाय तरी. मग वहीत मांडून बघितलं: ५४७ सिलिकॉनचा, सिलिकॉनला बेसवर ०.६ व्होल्ट लागतात, १००के मधून फीडबॅक येतो त्याचे अजून थोडे, म्हणजे दुसऱ्याच्या एमिटरवर ०.६८, खाली १के चा पॉट, म्हणजे ०.६८ मिलिॲम्प. तोच करंट वरच्या ८.२के आणि ४७० मधून गेला की ५.९ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. ३.१ च उरणार. हे ८.२के मूळच्या, जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरसाठीचं आहे, सिलिकॉनला जास्तच होतं. प्रीसेट फिरवून ६.२के च्या आसपास आणला तर बरोबर साडेचार. कागदावरचं गणित मीटरवर जसंच्या तसं आलं की जो आनंद होतो तो मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एकदाही झालेला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी लवकर उठून वायरिंग नीट करत होतो, ॲम्प चालू, गिटार लावलेली पण हात नाही लावलेला, फझ फुल. आणि खरखरीच्या मागून एक माणूस बोलायला लागला. दोन मिनिटं मी खिडकीतून खाली बघत होतो. मग शब्द कळले. आकाशवाणी पुणे, सात पाचच्या बातम्या!

सोपं कारण आहे तसं. गिटारची केबल म्हणजे पाच मीटरची एरियल, ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन म्हणजे डायोडच, तो ७९२ किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह डिटेक्ट करतो, आणि पुढचा सगळा गेन मी दिलेलाच आहे. आयता रेडिओ. बीसी ५४७ शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत गेन देऊ शकतो, गिटारला ५-६ किलोहर्ट्झच्या वर काही लागत नाही, पण त्याला कोण सांगणार.

उपाय ४७ पिकोफॅराडचा सिरॅमिक, पहिल्याच्या कलेक्टर आणि बेसच्या मध्ये. तिथे लावला की गेनच्या पटीत मोठा असल्यासारखा वागतो, म्हणून एवढासा पुरतो. बातम्या बंद. आवाजाची वरची टोचणी पण जरा कमी झाली, ते मला आवडलं.

नानांना (माझे आजोबा, वय ८४) हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तू रेडिओच केलास की. मग माझा का नाही नीट करत?"

१ मार्च, शनिवार

सिलिकॉनवाला चालतोय, पण. आवाज कसा सांगू, करवतीसारखा. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तर पूर्ण साफ होत नाही, कडेला काचेचा चुरा राहतो. जर्मेनियमचं म्हणे असं नसतं.

इथे थोडा इतिहास. १९६०-६१ च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये एका रेकॉर्डिंगला मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बासचा आवाज फाटला, लोकांना तो फाटलेलाच आवडला. १९६२ ला गिब्सनने मेस्ट्रो नावाखाली फझ-टोन काढलं, तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि ३ व्होल्ट. म्हणजे हा सगळा धंदाच मुळात एका बिघाडाची नक्कल. पहिले फझ फेस पण जर्मेनियमचे, सिलिकॉन नंतर आलं कारण कंपनीला रोज एकसारखा माल काढायला तेच सोपं पडतं.

जर्मेनियम कुठून आणायचं तर एसी १२८ नावाचे जुने ट्रान्झिस्टर. आणि एसी १२८ कुठे असायचे तर जुन्या रेडिओच्या आऊटपुटला, जोडीने.

नानांचा रेडिओ माळ्यावरून काढला. लाकडी खोका, पुढे जाळीचं कापड, मागच्या कप्प्यात पोस्टात लायसन्स भरल्याचं पुस्तक अजून तसंच. बारा-पंधरा वर्षं बंद आहे. मागचं झाकण उघडलं तर आत धूळ, एक मेलेली पाल आणि पत्र्याच्या पंखात धरलेले दोन चांदीचे एसी १२८. एकावर बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स) शिक्का स्पष्ट, दुसऱ्यावरचं सगळं पुसलेलं, म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी बदललाय. त्यांच्या शेजारी चपटी काळी गोळी होती एक, मला वाटलं जुना कॅपॅसिटर असेल, सोडून दिलं. (ही गोळी लक्षात ठेवा.)

"नाना, हे दोन काढून घेऊ का? दुसरे लावून देईन."

"घे. पण परत लावशील तेव्हा वाजला पाहिजे."

२ मार्च, रविवार

काढताना एका ट्रान्झिस्टरचा पाय मुळातून तुटता तुटता वाचला. हे पाय जुन्या केसासारखे झालेत. चिमट्याने पाय कॅनच्या जवळ धरायचा म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीची उष्णता वर जात नाही, मग खालून डाग द्यायचा, सोल्डर वितळलं की ओढायचं नाही, फक्त बोर्ड जरा कलता करायचा. तीन ट्रान्झिस्टरला पाऊण तास लागला. ड्रायव्हरच्या, म्हणजे आऊटपुटच्या आधीच्या जागचा एसी १२६ पण काढून घेतला.

८ मार्च, शनिवार

टेस्टिंग. मीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) सॉकेटवर विश्वास ठेवायचा नाही हे आधीच वाचलं होतं. जर्मेनियम गळतो. बेसला काहीच नाही दिलं तरी कलेक्टरमधून करंट वाहतो आणि मीटर बिचारा त्यालाच गेन समजतो.

त्यामुळे पद्धत अशी: ९ व्होल्ट, कलेक्टरला २.२के आणि २७० सिरीजमध्ये म्हणजे २४७० ओहम, बेस मोकळा. रेझिस्टरवर जेवढे व्होल्ट दिसतील ती गळती. मग बेसला २.२ मेग लावायचा, तो बरोबर ४ मायक्रोॲम्प देतो, व्होल्ट वाढतात. दोघांतला फरक गुणिले १०० म्हणजे खरा गेन. २४७० हा आकडा त्यासाठीच, गणित डोक्यात होतं.

बीईएलवाला: आधी ०.२५, मग १.००. म्हणजे गळती १०० मायक्रोॲम्प, गेन ७५. पुसलेला: ०.५२ आणि १.६१, गळती २१०, गेन १०९. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. फझ फेसला पहिला ७०-८० चा आणि दुसरा ११०-१३० चा असला की छान म्हणतात, इथे आयते घरात निघाले! एसी १२६ ला मात्र बेस न लावताच १.९ व्होल्ट, ७७० मायक्रोॲम्प गळती, नुसती चाळण.

एक गंमत, मोजताना हात लावून ट्रान्झिस्टर सरळ केला तर आकडा चढायला लागला. फुंकर मारली तर उतरला. तेव्हा हसलो होतो.

१५ मार्च, शनिवार

सुटे एसी १२८ पण बघून ठेवावेत म्हणून परत बाजारात. सहा नग मिळाले, "जुना स्टॉक आहे, शेवटचे" (शेवटचेच असतात नेहमी). घरी येऊन डायोड टेस्ट लावली तर दोनांवर ०.६५ आलं. जर्मेनियमला ०.१५ ते ०.२५ च्या आत यायला पाहिजे, ०.६५ म्हणजे सरळ सिलिकॉन, वरून शिक्का मारलेला. उरलेल्या चारांत एकाची गळती ६०० च्या वर. तीन बरे आहेत, ते नानांच्या रेडिओसाठी बाजूला ठेवले.

२२ मार्च, शनिवार

जर्मेनियम लावला. एसी १२८ पीएनपी असतो, म्हणजे सगळं उलटं, बॅटरीचा प्लस ग्राउंडला, इलेक्ट्रोलायटिक उलटे, मीटरवर मायनस. प्रीसेट २२के चा घेतला आणि रात्री साडेदहाला, खोलीत २६ डिग्री असताना, मायनस ४.५ वर आणून ठेवला.

आणि मग वाजवलं.

आता इथे माझ्याकडून काव्य होईल म्हणून थोडक्यात. खालची ई तार वाजवली तर ती फाटते पण फाटलेल्या कडा मऊ आहेत, गोधडीसारख्या. आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला तर साफ, चमकदार आवाज येतो, पेडल बंद असल्यापेक्षा सुंदर. पेडलचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी आहे की पिकअप आणि पहिला ट्रान्झिस्टर एकमेकांना धरूनच चालतात, मधे बफरवालं दुसरं पेडल घातलं की ही जादू गेली. पहिल्या नंबरलाच लावायचं, ट्यूनरच्याही आधी.

आवाज जरा कमी पडत होता, ४७० काढून १के लावला, जवळपास दुप्पट झाला. बास. करंट मोजला तर एक मिलिॲम्पपेक्षा कमी, म्हणजे साधी बॅटरी कित्येक महिने जाईल.

रात्री एकपर्यंत वाजवलं. हेडफोन लावून, हो.

३० मार्च, रविवार, पाडवा

शुभ मुहूर्तावर डब्यात घातलं. डबा म्हणजे आज सकाळीच रिकामा झालेला श्रीखंडाचा अर्धा किलोचा प्लॅस्टिकचा डबा. धुतला तरी वेलचीचा वास आहे. तापवलेल्या सळईने भोकं पाडली, वरच्या झाकणावर फूटस्विच.

ॲम्पला लावलं तर हम्म्म्म. पन्नास हर्ट्झचा. प्लॅस्टिक काही अडवत नाही आणि गेन एवढा की भिंतीतली वायर पण ऐकू येते. पोळ्या गुंडाळायची फॉइल आतून चिकटवून ग्राउंडला जोडली, बरंच कमी झालं, पण स्विच दाबला की झाकण आत जातं आणि फॉइल कशालातरी टेकते. दुसऱ्या दाबाला पेडल गप्प. हा डबा तात्पुरता. (आई म्हणाली डबा परत नकोय, त्याला सळईचा वास येतो.)

अजून एक घोळ आजचाच. बॅटरी काढून अडॅप्टर लावून बघावा म्हटलं, माझ्या डिलेच्या पेडलबरोबर एकाच चेनवर. डिलेचं ग्राउंड मायनस, माझं प्लस, दोघांची ग्राउंड गिटारच्या केबलने जोडलेली, म्हणजे अडॅप्टरची दोन टोकं मी स्वतःच्या हाताने एकमेकांना बांधली. डिलेची लाईट गेली, अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका गरम. नशिबाने वाचला. झाकणावर मार्करने लिहिलंय: फक्त बॅटरी.

१२ एप्रिल, शनिवार

प्रॅक्टिस दुपारी तीनला ठेवली होती, ड्रमरच्या घरी, गच्चीखालची खोली. पेडल दाखवायला नेलं आणि इज्जत गेली. नोट वाजवली की फर्र, आणि लगेच मेली. सस्टेन नाहीच. हळू वाजवलं तर काहीच नाही, जोरात वाजवलं तर ओल्या फटाक्यासारखं फुसफुस. बासवाला म्हणाला, "हेच हवं होतं का तुला?" मी म्हटलं कनेक्शन सैल असेल.

घरी येऊन रात्री अकराला लावलं तर एकदम झकास. कनेक्शन नव्हतंच सैल.

२० एप्रिल, रविवार

माझी खोली पण वरच्याच मजल्यावर आहे. दुपारी अडीच, खोलीत ३८ डिग्री, मीटर लावला. मायनस ६.८. साडेचारवर ठेवलेला बायस (कलेक्टरवर बसवलेले ते निम्म्या बॅटरीचे व्होल्ट) ६.८ वर. म्हणजे दुसरा ट्रान्झिस्टर जवळपास बंदच झालाय, लाटेला एका बाजूला जागाच नाही, छोटे सिग्नल दारातच अडतात. तीच ती फुसफुस.

मग खेळलो. खोली २८ ला आल्यावर पहिल्या ट्रान्झिस्टरला नुसता दोन बोटांत धरला: ४.९, ५.०, ५.२, ५.३, आकडे रिक्षाच्या मीटरसारखे पळाले. सोडला, परत उतरले. दुसऱ्याला धरलं तर फारसं काही नाही. म्हणजे चोर पहिला आहे. मग अख्खं पेडल अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं, दुधाच्या पातेल्याशेजारी. बाहेर काढून लगेच मोजलं तर ३.१. लंडनमध्ये बनवलेल्या सर्किटला लंडनचंच हवामान लागतं की काय.

जर्मेनियमची गळती साधारण दर १० डिग्रीला दुप्पट होते. हिशोब असा बसतो: पहिल्याच्या कलेक्टरला ३३के, त्यातून साधारण २६० मायक्रोॲम्प वाहणार. २५ डिग्रीला त्यातले १०० गळतीचे, उरलेले १६० कामाचे. ३८ डिग्रीला गळतीच २४०! कामाला उरले २०. पगार तेवढाच आणि घरभाडं अडीच पट, मग खाणार काय.

प्रीसेट फिरवून दुपारी साडेचारवर आणता येतो, पण मग रात्री बिघडणार. बाहेर नॉब काढून देणारे लोक आहेत, पण गाणं चालू असताना वाकून कोण नॉब फिरवणार. परत सिलिकॉनवर जावं का, असा विचार करत झोपलो.

२७ एप्रिल, रविवार

काल रात्री नाना पाणी प्यायला उठले होते, मी जागाच. त्यांना सगळं सांगितलं, त्यांना इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही पण ते ऐकून घेतात. मग म्हणाले, "आमचा रेडिओ मे महिन्यात पण गच्चीवर असायचा. रात्री गार वारा, दुपारी पत्रा तापलेला. आवाज कधी फाटला नाही त्याचा."

मी म्हटलं हो, कारण... आणि थांबलो. कारण काय? तिथे पण हेच ट्रान्झिस्टर. हेच म्हणजे अक्षरशः हेच दोन.

रेडिओ परत उघडला. ती काळी गोळी. मीटर लावला, ओहम दाखवले. बोटांत धरली, ओहम उतरायला लागले. थर्मिस्टर! आऊटपुटच्या बायसला लावलेला, गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि ट्रान्झिस्टरच्या बेसचे व्होल्ट खाली ओढतो. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी कुणीतरी हा प्रश्न सोडवून, सोल्डर करून, झाकण लावून ठेवला होता आणि मी त्याच्या शेजारचे दोन पार्ट उचकटून नेले.

तोच काढून नाही वापरता येत, त्याची व्हॅल्यू फार कमी, आणि शिवाय तो नानांचा आहे. पण कल्पना वापरता येते. मला काय पाहिजे? गरम झालं की ३३के कमी व्हायला पाहिजे, म्हणजे एकूण करंट वाढेल आणि गळती वजा जाऊन कामाचा करंट तेवढाच राहील. पगारवाढ.

१०के चे एनटीसी थर्मिस्टर ड्रॉवरमध्ये होते, जुन्या इनक्युबेटरच्या प्रोजेक्टमधले, बीटा ३९५०. ३८ डिग्रीला १०के चा साधारण ५.८के होतो. तीन सिरीजमध्ये आणि वर ३.३के साधा: २५ ला ३३.३के, ३८ ला २०.६के. मग करंट ४१७, वजा गळती २४०, उरले १७७. २५ ला १६० होते. जंक्शनचे व्होल्ट उन्हात थोडे कमी होतात, त्याची भरपाई पण या वरच्या १७ मध्ये होऊन जाते. मी हे चार वेळा केलं कारण इतकं बरोबर येतं यावर विश्वास बसेना.

४ मे, रविवार

लावलं. तिन्ही थर्मिस्टर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कॅनला चिकटवून वरून हीट-श्रिंक, म्हणजे तो तापला की हे पण तापतात. दिसायला भजीसारखं झालंय.

पहाटे साडेपाच, २५ डिग्री: मायनस ४.५. सकाळी दहा, ३१ डिग्री: ४.५. दुपारी तीन, ३८ डिग्री: ४.७.

चार पूर्णांक सात! घरात कोणी जागं नव्हतं, सगळे दुपारी झोपलेले, ओरडता पण येईना. वाजवून बघितलं. आवाजात फरक? एकदम प्रामाणिकपणे, दुपारी गेन किंचित कमी वाटतो, कारण पहिल्याचा लोड खाली आलेला असतो, पण तो फरक मला आवडण्यातला आहे, तक्रारीतला नाही.

बोट लावायची टेस्ट परत केली. पूर्ण भजी मुठीत धरली तर सुरुवातीला आकडा ५.१ पर्यंत जातो, कारण कॅन आधी तापतो, थर्मिस्टर मागून, आणि मग अर्ध्या मिनिटात परत ४.६ वर येऊन बसतो.

१७ मे, शनिवार

ॲल्युमिनियमचा डबा आणला. ड्रिल करताना घसरलं, एक भोक अंड्यासारखं झालंय, वॉशरने झाकलं. हम एकदम शून्य. व्हेरोबोर्डवर पक्कं सोल्डर केलं, ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये, कारण त्या पायांना आता परत इस्त्री दाखवायची माझी हिंमत नाही. डब्याला रंग नाही दिला, आत श्रीखंडाच्या झाकणाचा तुकडा इन्सुलेशन म्हणून बॅटरीखाली घातलाय.

प्रॅक्टिसला नेलं, दुपारीच, मुद्दाम. बासवाला काही बोलला नाही, फक्त "मला पण एक" म्हणाला. त्याला सांगितलं बासला इनपुटचा कॅपॅसिटर बदलावा लागेल वगैरे, खरं तर लागणार नाही, २.२ मायक्रो बासला भरपूर आहे, पण मला वेळ पाहिजे.

२७ मे, मंगळवार

गेला आठवडाभर पाऊस. काल तर मान्सून मुंबईत पण पोचला, २६ मेला. माझ्या खोलीत २५ डिग्री, बायस ४.५, थर्मिस्टर नुसते बसून आहेत. एवढं उन्हाळ्यासाठी केलं आणि उन्हाळाच पळाला. पेडलमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून ठेवली, बुटांच्या खोक्यातली.

१ जून, रविवार

रेडिओ. बाजूला ठेवलेल्या तीनातले दोन त्यातल्या त्यात जुळणारे, गेन ९० आणि ९६, पत्र्याच्या पंखात परत बसवले. ड्रायव्हरला तिसरा. व्हॉल्यूमचा पॉट क्लीनर मारून सोडवला, दोन इलेक्ट्रोलायटिक फुगले होते ते बदलले. थर्मिस्टरला हात नाही लावला.

बॅटरी घातली, पाच सेकंद काहीच नाही, मग खरखर, मग कुठूनतरी तबला. नाना खुर्ची पुढे ओढून बसले. डायलची दोरी तुटलेली आहे त्यामुळे काटा एका जागी अडकलाय, चाक फिरतं, स्टेशन बदलतं, पण काटा हलत नाही. मी म्हटलं दोरी पुढच्या शनिवारी आणतो.

"राहू दे," म्हणाले, "काट्याशिवाय सापडतं मला," आणि चाकावर बोट ठेवून, डोळे बारीक करून, खरखरीतून हळूहळू मागे मागे गेले आणि पुणे केंद्रावर आणून थांबवलं.

दोरी तरी पण आणायची आहे. आणि पेडलला दुसरा नॉब, हा टूथपेस्टचं टोपण आहे.